रुग्णालयांचे आर्थिक आरोग्य : पूर्वसूचनेचे नवे शास्त्र

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की मांजरसुंब्याचा घाट लागतो. घाट चढून बालाघाटच्या माथ्यावर आल्यानंतर पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लिंबागणेश हे गाव आहे. भालचंद्र गणेशाच्या प्राचीन देवस्थानामुळे ते मराठवाड्यात सर्वत्र परिचित आहे. चंद्राने येथे तपश्चर्या केली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील माणसाला दुखण्याखुपण्यात पहिला आधार त्याचाच असतो. पावसाळ्यात शेतात सर्पदंश झालेला शेतकरी, अवेळी कळा सुरू झालेली गर्भवती, तापाने फणफणलेले मूल, या सर्वांना प्रथम येथेच आणले जाते. येथे इलाज झाला नाही तर रात्रीच्या वेळी घाट उतरून बीडचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. म्हणूनच केंद्राच्या शीतपेटीत सर्पदंशावरील लस शिल्लक आहे किंवा नाही, हा या परिसरात जीवनमरणाचा प्रश्न होय. वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर पुष्कळदा साठा नोंदवहीत आणि रोकडवहीत दडलेले असते.

एखाद्या रुग्णालयाची आर्थिक स्थिती बिघडू लागली आहे, हे ती पूर्णपणे बिघडण्यापूर्वी काही महिने ओळखता येईल काय, या प्रश्नाचा अभ्यास जगात गेली काही वर्षे संगणकाच्या साहाय्याने चालू आहे. यंत्रशिक्षण, म्हणजे सध्याच्या प्रचलित भाषेत ‘मशीन लर्निंग’, हे त्यासाठी वापरले जाणारे साधन होय. लिंबागणेशसारख्या ठिकाणाच्या दृष्टीने या साधनाचा अर्थ काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

न दिसणारी टंचाई

व्यापारी पेढीचे दिवाळे निघाले की दुकानाला कुलूप लागते आणि ते सर्वांना दिसते. शासकीय आरोग्य केंद्राचे तसे होत नाही. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांचे वेतन शासनाकडून होते, इमारत जिल्हा परिषदेची असते आणि दारावरची पाटी कायम राहते. तरीही केंद्र आर्थिक अडचणीत येऊ शकते. अशा वेळी ती अडचण वेगळ्या रूपाने प्रकट होते. एखादे औषध महिनाभर येत नाही, रुग्णवाहिकेच्या इंधनाचे देयक थकते, जनित्र नादुरुस्त होऊन तसेच पडून राहते, प्रयोगशाळेतील रसायने संपतात. रुग्णाला चिठ्ठी लिहून देऊन बाहेरून औषध आणण्यास सांगितले जाते. केंद्र उघडेच असते. परंतु त्याचा खर्च हळूहळू रुग्णाच्या खिशातून होऊ लागतो.

धर्मादाय आणि खाजगी रुग्णालयांची गोष्ट निराळी. तेथे कुलूप लागू शकते. मुंबईत परळ येथील नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली आणि बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ साली सुरू झाले. गिरणगावातील कामगार कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्या येथे जन्मल्या आणि वाढल्या. राज्य शासन व महानगरपालिका यांच्याकडून मिळावयाच्या अनुदानाच्या थकबाकीवरून वाद वाढत गेला आणि जानेवारी २०२० मध्ये ही रुग्णालये बंद पडण्याची वेळ आली, अशी परिस्थिती निर्माण झाली. हिशेबाविषयी दोन्ही बाजूंचे मतभेद होते, त्यांच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. आंदोलने झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले आणि ४६ कोटी रुपये देण्याचे जाहीर झाल्यावर पेच सुटला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, मंजूर अनुदान आणि प्रत्यक्ष हाती आलेले अनुदान यांतील अंतर एका रात्रीत पडत नसते. ते वर्षानुवर्षे कागदावर उमटत असते. आयांनी मुलांना कडेवर घेऊन रस्त्यावर उभे राहण्याच्या कितीतरी आधी ते वाचता येण्यासारखे असते.

नफा आणि रोकड

हे अंतर कसे घातक ठरते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. तालुक्याच्या गावी तीस खाटांचे एक विश्वस्त रुग्णालय आहे, असे समजा. त्याचा मासिक खर्च २० लाख रुपये आणि मासिक देयके २२ लाख रुपयांची. या २२ लाखांपैकी १२ लाख रुपये शासकीय आरोग्य योजनेतून मिळावयाचे आहेत आणि १० लाख रुपये रुग्णांकडून रोख मिळतात. बँकेत ३० लाख रुपये शिल्लक आहेत. हिशेबाच्या वहीत दरमहा २ लाखांचा नफा दिसतो, म्हणजे रुग्णालय सुस्थितीत आहे, असे कोणीही म्हणेल. आता योजनेच्या दाव्यांची रक्कम पूर्वी महिन्याभरात येत होती ती तीन महिने आलीच नाही, असे धरू. या काळात दरमहा १० लाख रुपये आत येतील आणि २० लाख रुपये बाहेर जातील. तीन महिन्यांत बँकेतील सर्व ३० लाख रुपये संपतील आणि वहीत मात्र ६ लाखांचा नफा दिसत राहील. चौथ्या महिन्याच्या एक तारखेला परिचारिकांचे पगार कोठून करावयाचे, हा प्रश्न नफा कमावणाऱ्या या रुग्णालयापुढे उभा राहील.

महाराष्ट्रात हा विषय केवळ पुस्तकी नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये राज्याच्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घालण्यात आली. प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. गरीब रुग्णाला या योजनेमुळे मोठ्या शस्त्रक्रियेचे दार उघडले, याविषयी दुमत नाही. मात्र रुग्णालयाच्या उत्पन्नाचा जो भाग पूर्वी रोख येत असे, तो आता दाव्याच्या रूपाने येतो. दावा सादर झाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतचे दिवस हा रुग्णालयाच्या प्रकृतीचा एक महत्त्वाचा निर्देशक बनला आहे. डॉक्टर ज्याप्रमाणे रक्तदाब पाहतो, त्याप्रमाणे हिशेबतपासनीसाने हा आकडा पाहावयास हवा.

शास्त्राची वाटचाल

आकड्यांवरून संस्थेचे भवितव्य सांगण्याचा सर्वात प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड ऑल्टमन यांनी १९६८ साली केला. त्यांनी दिवाळे निघालेले ३३ आणि टिकून राहिलेले ३३ असे ६६ कारखाने घेतले. खेळते भांडवल, साठविलेला नफा, कर्जाच्या तुलनेत भागभांडवलाचे मूल्य अशा पाच गुणोत्तरांना निरनिराळे वजन देऊन त्यांनी एकच गुणांक तयार केला. तो २.९९ पेक्षा अधिक असेल तर कारखाना सुरक्षित, १.८१ पेक्षा कमी असेल तर धोक्यात. दिवाळे निघण्यापूर्वी एक वर्ष आधीच्या आकड्यांवरून या पद्धतीने ९५ टक्के कारखान्यांचे वर्गीकरण अचूक केले. दोन वर्षे आधीच्या आकड्यांवर हे प्रमाण ७२ टक्क्यांवर आले. जितके लांब पाहावे तितके धूसर, हा नियम येथेही लागू पडतो.

ऑल्टमन यांच्या पद्धतीत कोणती गुणोत्तरे पाहावयाची हे अभ्यासक ठरवीत असे. यंत्रशिक्षणात ते काम बऱ्याच अंशी संगणकावर सोपविले जाते. पूर्वी अडचणीत आलेल्या आणि न आलेल्या शेकडो संस्थांच्या नोंदी त्याला दिल्या जातात आणि कोणत्या खुणा अडचणीच्या आधी वारंवार दिसतात, हे तो स्वतः शोधतो. कचेरीत तीस वर्षे काढलेला जुना लिपिक रोकडवहीची चार पाने उलटून ‘यंदा काही खरे नाही’ असे सांगतो. कोणत्या आकड्यावरून, हे त्याला विचारले तर सांगता येईलच असे नाही. त्याने अनेक वर्षांच्या वह्या पाहिलेल्या असतात, एवढेच. यंत्राचे शिक्षण साधारण याच जातीचे आहे. लिओ ब्रायमन या संख्याशास्त्रज्ञांनी २००१ साली मांडलेल्या पद्धतीत तर असे शेकडो लहान निर्णयवृक्ष तयार केले जातात. दावे साठ दिवसांहून अधिक थकले आहेत काय, वेतनखर्चाचे प्रमाण वाढले आहे काय, असे प्रश्न प्रत्येक वृक्ष आपापल्या क्रमाने विचारतो आणि शेवटी सर्वांचे मतदान घेऊन निष्कर्ष काढला जातो. या वृक्षसमूहाला ‘रँडम फॉरेस्ट’ असे सार्थ नाव आहे.

रुग्णालयांच्या बाबतीत या विचाराचा पद्धतशीर उपयोग अमेरिकेच्या ग्रामीण भागात झालेला आढळतो. तेथे २०१० नंतर शंभराहून अधिक ग्रामीण रुग्णालये बंद पडली किंवा त्यांतील आंतररुग्ण सेवा थांबल्या. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी ग्रामीण रुग्णालयांसाठी आर्थिक संकटाचा एक निर्देशांक तयार केला आणि त्याविषयीचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णालयाची मिळकत, त्याचा आकार, शासकीय परतफेडीचे स्वरूप आणि आसपासच्या लोकवस्तीची आर्थिक स्थिती यांवरून पुढील दोन वर्षांतील धोका अजमावून रुग्णालयांची चार गटांत विभागणी केली जाते. यात संगणकाच्या चातुर्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. वृद्धांच्या शासकीय विमायोजनेत सहभागी असलेल्या प्रत्येक रुग्णालयाला तेथे दरवर्षी ठरावीक नमुन्यात खर्चाचे विवरणपत्र भरावे लागते आणि ही विवरणपत्रे अभ्यासकांना खुली असतात. एकाच नमुन्यात, वर्षामागून वर्षे भरलेल्या कंटाळवाण्या तक्त्यांवर हे सर्व शास्त्र उभे आहे.

लिंबागणेशच्या वहीत काय दिसेल

आता पुन्हा बालाघाटच्या माथ्यावर यावे. प्राथमिक आरोग्य केंद्र साधारणपणे ३०,००० लोकसंख्येसाठी असते. डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येसाठी. देशातील आरोग्य संस्थांची मासिक माहिती २००८ पासून संगणकीय प्रणालीवर भरली जाते. औषधसाठ्याची नोंद ‘ई-औषधी’वर होते. रुग्ण कल्याण समितीच्या खात्याचा जमाखर्च असतो. म्हणजे कच्चा माल अगदीच नाही, असे नव्हे. पण हा माल यंत्रापुढे जसाच्या तसा ठेवला तर काय होईल, हे पाहण्यासारखे आहे.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लक्षावधी माणसे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बैलगाडी किंवा ट्रॅक्टरवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या मागेपुढे परततात. या काळात गावात म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली मुले उरतात. साहजिकच बाह्यरुग्ण विभागातील गर्दीचे स्वरूप बदलते, प्रसूतींची संख्या घटते. मुंबईत किंवा दिल्लीत तयार झालेल्या यंत्राला ही घट म्हणजे रुग्णांचा विश्वास उडत चालल्याची खूण वाटेल. लिंबागणेशच्या परिचारिकेला विचारले तर ती सांगेल की, माणसे कारखान्याला गेली आहेत. हे ज्ञान यंत्राला द्यावयाचे असेल तर कार्तिकाची तुलना भाद्रपदाशी न करता गेल्या वर्षीच्या कार्तिकाशी करावी लागेल, आणि ज्या वर्षी दुष्काळाने उसाचे पीकच कमी आले त्या वर्षाची वेगळी नोंद ठेवावी लागेल.

दुसरे उदाहरण. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात निःशुल्क करण्यात आले. केस पेपरचे शुल्कही गेले. रुग्णाच्या दृष्टीने हा दिलासाच होता. पण रुग्ण कल्याण समितीच्या वहीत शुल्काच्या रकान्यात त्या दिवसापासून शून्य दिसू लागते. जुन्या नोंदींवर शिकलेले यंत्र याला उत्पन्न कोसळणे समजेल आणि राज्यातील झाडून सर्व केंद्रांना एकाच दिवशी संकटग्रस्त ठरवील. २०२० व २०२१ या कोरोनाच्या वर्षांचे आकडे तर कोणत्याच नेहमीच्या वर्षाशी जुळणार नाहीत. तिसरी गोष्ट प्रत्येक कचेरीला ठाऊक आहे. मार्चअखेर अनुदान जमा होते, बँकेतील शिल्लक फुगलेली दिसते आणि ती पंधरा दिवसांत खर्ची पडते. ३१ मार्चच्या शिलकेवरून केंद्राची प्रकृती ठरविणे म्हणजे लग्नाच्या जेवणावरून घरची सुबत्ता ठरविण्यासारखे आहे.

याहून गंभीर असा एक धोका आहे आणि तोही बीड जिल्ह्यानेच दाखवून दिला आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून त्याची चौकशी केली. खाजगी रुग्णालयातील शस्त्रक्रिया हिशेबाच्या वहीत उत्पन्नाच्या बाजूस जमा होते. ती आवश्यक होती की नव्हती, याचा रकाना जमाखर्चात नसतो. केवळ उत्पन्नावरून आर्थिक प्रकृती ओळखण्यास शिकलेले यंत्र अशा रुग्णालयाला उत्तम गुण देईल. म्हणून आर्थिक पूर्वसूचनेची कोणतीही पद्धत उपचारांच्या नोंदींपासून तोडून वापरणे हिताचे नाही.

चुकीच्या घंटा

यंत्राचा अंदाज ‘९५ टक्के अचूक’ आहे, अशा जाहिरातीने वाचकाने दिपून जाऊ नये. समजा, १,००० रुग्णालयांपैकी ५० खरोखर अडचणीत येणार आहेत. एखाद्याने डोळे मिटून ‘कोणीही अडचणीत येणार नाही’ असे भाकीत केले तरी ते ९५ टक्के अचूक ठरते आणि पूर्णपणे निरुपयोगी असते. आता यंत्राने त्या ५० पैकी ४० बरोबर ओळखली आणि उरलेल्या ९५० पैकी फक्त १० टक्क्यांबाबत, म्हणजे ९५ रुग्णालयांबाबत, चुकीची घंटा वाजविली असे मानू. एकूण घंटा १३५ वाजल्या. त्यांतील खऱ्या ४०. म्हणजे धोक्याची सूचना मिळालेल्या दर दहा रुग्णालयांपैकी सुमारे सात रुग्णालये ठणठणीत असतील आणि खरी आजारी असलेली दहा रुग्णालये यादीत येणारच नाहीत.

हा हिशेब पाहून पद्धत टाकाऊ ठरते असे नाही. १,००० रुग्णालयांची तपासणी करण्यास मनुष्यबळ नसेल तर १३५ रुग्णालये पाहणे केव्हाही शक्य कोटीतील आहे. परंतु सूचनेनंतर पुढचे पाऊल कोणते टाकावयाचे, यावर सारे अवलंबून राहील. घंटा वाजल्यावर लेखाधिकारी केंद्रात जाऊन वह्या पाहणार असेल, थकलेले देयक मार्गी लावणार असेल, शेजारच्या केंद्रातील जादा लस हलविणार असेल, तर चुकीच्या घंटेची किंमत एका फेरीच्या प्रवासभत्त्याएवढीच आहे. त्याच यादीच्या आधारे ‘हे केंद्र तोट्याचे आहे’ असा शिक्का मारून त्याचे अनुदान रोखले, बँकेने रुग्णालयाचे कर्ज अडविले किंवा औषध पुरवठादाराने उधारी बंद केली, तर भाकिताच खरे करून दाखविल्यासारखे होईल. निरोगी रुग्णालयही त्याने आजारी पडेल. ही यादी कोणाच्या हाती द्यावयाची, हे म्हणूनच आधी ठरले पाहिजे.

लिंबागणेशसारख्या केंद्राच्या बाबतीत तर ‘संकट’ या शब्दाची व्याख्याच मुळात बदलावी लागेल. तोटा हा येथे निकष होऊ शकत नाही, कारण मोफत सेवा देणारे केंद्र नफ्यासाठी चालविले जात नाही. अत्यावश्यक औषधांपैकी एखादे सलग पंधरा दिवस संपलेले असणे, रुग्णवाहिका इंधनाअभावी किंवा दुरुस्तीअभावी उभी असणे, मंजूर पद तीन महिन्यांहून अधिक काळ रिक्त असणे, अशा घटनांना संकट म्हणावे आणि यंत्राला त्या आधीच ओळखण्यास शिकवावे, हे अधिक सयुक्तिक होईल. त्यासाठी लागणाऱ्या नोंदीही फार नाहीत. प्रत्येक औषधाची मागणी नोंदविल्याची तारीख व ते प्रत्यक्ष मिळाल्याची तारीख. देयक सादर झाल्याची व ते चुकते झाल्याची तारीख. मंजूर अनुदान, त्यातील जमा झालेली रक्कम आणि जमा झाल्याचा दिवस. वाहनाचे बंद दिवस. बाहेरून औषध आणण्यास सांगितलेल्या रुग्णांची संख्या. यांतील शेवटचा रकाना कोणत्याही छापील नमुन्यात सहसा आढळत नाही. रुग्णाच्या खिशावर पडलेला भार दाखविणारा तोच एक आकडा असल्याने तो औषध वितरणाच्या खिडकीवरच भरला जाणे आवश्यक आहे.

यांपैकी एक अंदाज बांधण्यास तर संगणकाचीही गरज नाही. मृगाचे नक्षत्र लागले की शेतात पेरणीची लगबग सुरू होते आणि सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. मागील तीन पावसाळ्यांत सर्पदंशावरील लसीच्या किती कुप्या लागल्या, मागणी केल्यापासून त्या येण्यास किती दिवस लागले आणि आज शीतपेटीत किती आहेत, हे तीन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी मांडले की मे महिन्यातच मागणीपत्रावर कोणती संख्या लिहावयाची, ते औषधनिर्माण अधिकाऱ्याला कळू शकते.